लिनक्सचा लॅपटॉप घेतला, पण इंटरनेटच लागेना? मग आधी हे करून बघा

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये मी गेले होते कांद्याच्या भावाची बातमी करायला. कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यात शेठ भाव सांगत होते आणि मागे गोण्यांच्या थप्पीला टेकून एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. बारावी झालेली. वडील याच मार्केटमध्ये माथाडी कामगार, मूळ गाव जावळी तालुक्यातलं. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा पसंतीक्रम भरायचा तो शेवटचा दिवस होता आणि मुदत त्याच संध्याकाळी संपणार होती.

लॅपटॉप सेकंडहँड. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "यात नवीन विंडोज बसत नाही, लिनक्स टाकून दिलंय, सगळं चालतं." खरंच सगळं चालत होतं. फक्त वाय-फाय सोडून. शेठनी गाळ्याच्या वाय-फायचा पासवर्ड एका पावतीच्या मागे लिहून दिला होता, पण तो टाकायचा कुठे? नेटवर्कच्या यादीत वाय-फाय नावाची ओळच नव्हती.

"ताई, तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं का?" तिने विचारलं. मी मास कम्युनिकेशन केलंय, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग नाही, हे सांगायच्या आत तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवलासुद्धा. मोबाइलवर तिने प्रयत्न केला होता, पण एवढ्याशा स्क्रीनवर पन्नासेक कॉलेजांचा क्रम लावताना दोनदा गोंधळ झाला होता आणि एकदा सगळंच पान परत पहिल्यापासून सुरू झालं होतं. तिचे वडील बाजूला उभे. "हुईल ना ओ म्याडम?" एवढंच विचारलं त्यांनी.

पुढचा तासभर मी जे काही केलं, त्यातलं बहुतेक चुकीचं होतं. तीन वेळा रीस्टार्ट केलं, दिसेल ते बटण दाबलं, फोनवर शोधून कुठल्यातरी आज्ञा टाइप केल्या. शेवटी सुटका केली ती गाळ्यातल्या मेहताजींनी. हिशोबाच्या वहीतून डोकं वर न काढता ते म्हणाले, "मोबाइलचं नेट केबलनं देता येत नाही का?"

देता येतं. आणि लिनक्स नवीन असलेल्या प्रत्येकाला ही पहिली गोष्ट माहीत असायला हवी.

पहिला उपाय : फोन, केबल आणि एक बटण

अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट अँड टेदरिंग' असतं, त्यात 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. केबल जोडल्याशिवाय ते बटण चालू होत नाही, म्हणून आधी केबल, मग बटण. पाच-दहा सेकंदांत लॅपटॉपच्या कोपऱ्यात 'वायर्ड कनेक्शन' जोडलं गेल्याचा निरोप येतो. झालं. पासवर्ड नाही, वेगळा ड्रायव्हर नाही.

हे चालतं कारण यूएसबीने जोडलेला फोन लिनक्सला साध्या नेटवर्क केबलसारखा दिसतो आणि त्यासाठी लागणारा कोड लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जो हार्डवेअरशी थेट बोलतो.) लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बंद असो, बिघडलेलं असो, नाहीतर मुळात नसो, या रस्त्याला फरक पडत नाही.

यातली आणखी एक सोय अनेकांना माहीत नसते. फोन स्वतः वाय-फायला जोडलेला असेल, तर बहुतेक अँड्रॉइड फोन यूएसबी टेदरिंगमधून ते वाय-फायच पुढे देतात, म्हणजे मोबाइल डेटा खर्च होत नाही. आमच्या बाबतीत शेठचं वाय-फाय फोनला, फोन केबलने लॅपटॉपला, अशी साखळी झाली. आयफोनवरही हे जमतं. तिथे 'पर्सनल हॉटस्पॉट' चालू करून केबल जोडायची आणि फोनवर आलेल्या प्रश्नाला 'ट्रस्ट' म्हणायचं.

अडचण एकच आली, आणि ती तुम्हालाही येऊ शकते. आमची पहिली केबल फक्त चार्जिंगची होती. रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होताना दिसतो, पण टेदरिंगचं बटण पुसटच राहतं. ट्रकवाल्या एका काकांच्या फोनसोबत आलेली मूळ केबल आणली, ती लावली आणि नेट सुरू झालं. मुदत संपायच्या चाळीस मिनिटं आधी फॉर्म गेला.

वाय-फाय मात्र तरीही बंदच होतं. ते सुरू करायला मी दोन दिवसांनी परत गेले. आता इथून पुढचं सगळं त्यातून आणि त्यानंतरच्या वाचनातून आलेलं आहे.

पण हे जुने लॅपटॉप अचानक लिनक्सवर का दिसायला लागले?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. जास्तीच्या सुरक्षा अपडेटची सोय दिली, पण ती तात्पुरती. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप, चालू अवस्थेत असूनही, यादीबाहेर. ऑफिसांनी काढून टाकलेली ही यंत्रं सेकंडहँड बाजारात येतात. लिनक्स फुकट आहे आणि जुन्या मशीनवर ठीकठाक पळतं, म्हणून विकणारे 'लिनक्स मिंट' किंवा 'उबुंटू' टाकून देतात. व्यवहार वाईट नाही. वाईट एवढंच की वाय-फाय चालतंय का, हे बघायची तसदी सगळे घेत नाहीत.

वाय-फायचं नावच दिसत नाही, म्हणजे नेमकं काय झालंय?

इथे दोन शक्यता असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. कार्ड बंद केलेलं असतं, किंवा लिनक्सला ते कार्ड चालवता येत नसतं.

पहिली शक्यता आधी तपासा, कारण ती फुकटात सुटते. जुन्या लॅपटॉपला कडेला वाय-फायचा एक छोटा सरकता खटका असायचा. गोणीला घासून, बॅगेत दाबून तो बंद होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. खटका नसेल तर वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणावर अँटेनाचं किंवा विमानाचं चित्र असतं, ते 'एफएन'सोबत दाबून बघा.

खात्री करायची असेल तर टर्मिनल उघडा. कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणं एकदम दाबली की ते उघडतं. काळ्या खिडकीला घाबरू नका, आपण फक्त प्रश्न विचारतोय. इंग्रजी अक्षरांत आर-एफ-के-आय-एल-एल टाइप करा, एक स्पेस द्या, पुढे 'लिस्ट' लिहा आणि एंटर दाबा. उत्तरात 'हार्ड ब्लॉक्ड : येस' आलं तर खटका किंवा बटण बंद आहे. 'सॉफ्ट ब्लॉक्ड : येस' आलं तर एअरप्लेन मोड चालू आहे, तो सेटिंगमधून काढा. उत्तरात वायरलेसचं नावच नसेल, तर मात्र दुसरी शक्यता.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक गंमत होते. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाऊन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि काही वाय-फाय कार्डं तशीच अडकून राहतात. मग लिनक्स सुरू केलं की वाय-फाय गायब. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा.

दुसरी शक्यता : चिप ओळखीची नाही

लॅपटॉपच्या कंपनीचं नाव इथे उपयोगाचं नाही. आतली वाय-फाय चिप कोणाची आहे ते महत्त्वाचं. टर्मिनलमध्ये एल-एस-पी-सी-आय ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. लांबलचक यादी येईल. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' असं लिहिलेली ओळ शोधा.

तिथे इंटेल असेल तर बहुतेक वेळा चिंता नसते, इंटेलच्या चिप लिनक्सवर आपोआप चालतात. अथेरॉसच्या जुन्या चिपचंही तसंच. रिअलटेक असेल तर ती चिप कधीची आणि तुमचं लिनक्स कधीचं यावर ठरतं. उदाहरणार्थ, बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये असलेली रिअलटेक ८८२१सीई ही चिप अनेक वर्षं नवख्यांना रडवत होती, नंतरच्या कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आला आणि त्रास मिटला. म्हणजे कोणी चार-पाच वर्षांपूर्वीची लिनक्सची डिस्क तुमच्या लॅपटॉपवर टाकली असेल, तर नवी आवृत्ती टाकणं हाच उपाय असू शकतो.

आणि ब्रॉडकॉम असेल तर? आमच्या लॅपटॉपमध्ये तीच होती. बीसीएम ४३१४२. २०१३ ते २०१५ च्या आसपासच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये ही बसवलेली आहे.

ब्रॉडकॉमची अडचण तांत्रिक कमी आणि परवान्याची जास्त आहे. लिनक्सचा कोड खुला असतो, कोणीही तो वाचू आणि वाटू शकतं. या चिपचा ड्रायव्हर मात्र कंपनीचा बंदिस्त कोड आहे. त्यामुळे तो कर्नलमध्ये मिसळता येत नाही, वेगळा बसवावा लागतो. आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं. इंटरनेट लावायला इंटरनेट हवं! नवखा माणूस नेमका इथे हात टेकतो. मेहताजींच्या केबलची किंमत इथे कळते.

हे खुल्या आणि बंदिस्त कोडचं भांडण लिनक्सच्या जगात जुनं आहे. डेबियन ही सगळ्यात जुन्या लिनक्स आवृत्त्यांपैकी एक. त्यांची मंडळी इतकी तत्त्वाची की चिप चालवायला लागणारं बंदिस्त फर्मवेअर ते आपल्या मुख्य डिस्कमध्ये ठेवतच नव्हते. २०२२ मध्ये त्यांनी यावर मतदान घेतलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते मुख्य डिस्कमध्ये यायला लागलं. माझं मत विचाराल तर निर्णय उशिरा झाला, पण बरोबर झाला. तत्त्व कितीही चांगलं असलं तरी ज्याला पहिल्या दिवशी नेटच लागत नाही, तो दुसऱ्या दिवशी लिनक्सवर राहत नाही.

तसं हे दुखणं वाय-फायच्याही आधीचं. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून मॉडेम लावून यायचं. पुढे बाजारात 'विनमॉडेम' नावाचे स्वस्त मॉडेम आले. त्यांतलं अर्धं काम मॉडेमच्या ऐवजी विंडोजमधलं सॉफ्टवेअर करायचं. लिनक्सवर ते नुसतेच पत्र्याचे तुकडे. म्हणून त्या काळचे लिनक्सवाले महागडा बाहेरचा मॉडेम शोधत फिरायचे. चिप बदलल्या, तक्रार तीच राहिली.

ड्रायव्हर बसवायचा कसा?

फोन केबलने जोडा, नेट सुरू झाल्याची खात्री करा. लिनक्स मिंट असेल तर मेनूमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' शोधा. उबुंटू असेल तर 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' शोधा. ते थोडा वेळ तपासतं आणि तुमच्या चिपसाठी कोणता ड्रायव्हर आहे ते दाखवतं. तो निवडा, बसवा, रीस्टार्ट करा. ब्रॉडकॉमच्या बाबतीत बहुतेकांचं काम इथे संपतं. केबलही नसेल, तर मिंटमध्ये ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स बसवलं तोच परत लावा. ड्रायव्हर मॅनेजर त्या पेन ड्राइव्हवरूनही ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर उचलू शकतो.

आमचं काम इथे संपलं नाही. ड्रायव्हर बसला, रीस्टार्ट केलं, वाय-फाय तरीही नाही. कारण रीस्टार्ट होताना एक निळी स्क्रीन आली होती आणि मी घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं होतं.

ती निळी स्क्रीन महत्त्वाची असते. लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' नावाचं कुलूप असतं. ज्या कोडवर ओळखीची सही नाही, तो सुरुवातीलाच अडवायचा, हे त्याचं काम. तुम्ही वेगळा बसवलेला ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा नसतो. म्हणून ड्रायव्हर बसवताना, किंवा लिनक्स बसवतानाच, सिस्टिम तुमच्याकडून एक पासवर्ड ठरवून घेते. पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते. तिथे 'एनरोल एमओके' निवडायचं, मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग तोच पासवर्ड, आणि शेवटी 'रीबूट'. ही स्क्रीन थोडा वेळच थांबते. ती हुकली तर ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही, आणि तुम्ही माझ्यासारखे अर्धा तास चुकीच्या ठिकाणी शोधत बसता.

हुकली तर ड्रायव्हर काढून परत बसवा, म्हणजे प्रश्न परत विचारला जाईल. नाहीतर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा. पण बाजूला विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर चालू असेल तर आधी त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ती मागू शकतं, आणि नसेल तर तिथला डेटा गेला समजा.

एक गोष्ट मात्र करू नका. फोनवर शोधून सापडलेली लांबलचक आज्ञा, जिची सुरुवात एस-यू-डी-ओ या चार अक्षरांनी होते, ती न समजता चिकटवू नका. त्या चार अक्षरांचा अर्थ 'मालकाच्या अधिकाराने कर' असा आहे. मी त्या दिवशी तशा दोन आज्ञा टाकल्या होत्या. काही बिघडलं नाही, हे नशीब.

वाय-फाय दिसतंय, पण जोडलं जात नाही

इथे बहुतेक वेळा दोष लिनक्सचा नसतो.

पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा' येत असेल तर आधी कीबोर्डची भाषा बघा. लिनक्स बसवताना अनेकजण हौसेने मराठी किंवा हिंदी कीबोर्ड निवडतात. मग पासवर्डच्या खोक्यात आपण इंग्रजी टाइप करतोय असं वाटतं, पण ठिपक्यांच्या मागे देवनागरी अक्षरं पडत असतात. 'शो पासवर्ड' किंवा डोळ्याच्या चित्रावर क्लिक केलं की लगेच कळतं. मुख्य कीबोर्ड इंग्रजी ठेवा आणि मराठी दुसरा म्हणून जोडा.

सगळ्यांचं वाय-फाय दिसतंय, पण आपल्या फोनचा हॉटस्पॉट तेवढा दिसत नाही? जुन्या लॅपटॉपचं कार्ड बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि नवे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सुरू करतात. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा. आयफोनवर याच कामासाठी 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' नावाचं बटण आहे. हॉटस्पॉट दिसतो पण जोडत नाही, असं असेल तर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए ३ वरून डब्ल्यूपीए २ करून बघा.

आणि जोडलं जातं, पण सारखं तुटतं? मग जागा बघा. एपीएमसीत कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य अशी पाच मार्केटं आहेत आणि प्रत्येकात गाळ्याला गाळा लागून. आता तर गाळ्यागाळ्यात राउटर. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न चिकटणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या दहा गाळ्यांचे राउटर त्यांवरच बोलत असतील तर सकाळच्या लिलावात एकदम सगळे ओरडल्यावर जे होतं तेच इथे होतं. त्यात काँक्रिटच्या भिंती आणि लोखंडी शटर.

शिवाय बटाटे. हसू नका. बटाट्यात पाणी भरपूर असतं आणि ते वाय-फायच्या लहरी माणसाच्या शरीरासारख्याच शोषून घेतं. २०१२ मध्ये बोइंग कंपनीने विमानातल्या वाय-फायची चाचणी घ्यायला सीटवर माणसांऐवजी बटाट्याची पोती ठेवली होती, सुमारे ९ हजार किलो. आमच्या गाळ्यात राउटर आणि ती मुलगी यांच्यामध्ये त्याहून जास्त माल असेल. ती जागा सोडून राउटर दिसेल अशा ठिकाणी बसल्यावर सिग्नलच्या दोन दांड्या वाढल्या. राउटरजवळ बसता येत असेल तर साधी लॅन केबल सगळ्यात बरी. लिनक्समध्ये तिच्यासाठी सहसा काहीच करावं लागत नाही.

लॅपटॉप सुरू केल्यावर दरवेळी 'कीरिंग'चा पासवर्ड मागितला जातोय, अशीही तक्रार असते. लॉगिन पासवर्डशिवाय आपोआप आत जायचं सेटिंग ठेवलं की असं होतं. साठवलेले वाय-फाय पासवर्ड वगैरे एका तिजोरीत असतात आणि तिची किल्ली म्हणजे तुमचा लॉगिन पासवर्ड. आपोआप लॉगिन बंद केलं की प्रश्न थांबतो.

जोडलंय, पण पान उघडत नाही

घड्याळ बघा. खरंच, आधी घड्याळ बघा. जुन्या लॅपटॉपमधली नाण्याएवढी सीमॉस बॅटरी संपलेली असते, त्यामुळे चार्जर काढला की तारीख काही वर्षं मागे जाते. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख असते. तुमचा लॅपटॉप २०१५ मध्ये असेल तर त्याला आजचं प्रमाणपत्र खोटं वाटतं, आणि ब्राउझर 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून लाल पान दाखवतो. तारीख, वेळ आणि 'एशिया/कोलकाता' हा टाइम झोन नीट करा. बॅटरी बदलणं हे दुरुस्तीच्या दुकानातलं छोटं काम आहे.

दोन्ही सिस्टिम असलेल्यांचं घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकतं. त्यामागे बिघाड नाही. लिनक्स लॅपटॉपच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं, विंडोज तिलाच भारताची वेळ समजतं.

घड्याळ बरोबर असेल तर टर्मिनलमध्ये इंग्रजीत पी-आय-एन-जी लिहा, स्पेस द्या, आणि मध्ये टिंब देत चार वेळा आठ लिहा, म्हणजे ८.८.८.८ (आकडे इंग्रजीच टाका). ओळींमागून ओळी येऊ लागल्या तर इंटरनेट येतंय. कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. आता तेच आकड्यांऐवजी गूगल डॉट कॉम लिहून करा. आकडे चालले आणि नाव चाललं नाही, तर गडबड डीएनएसमध्ये आहे. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी, नाव दिलं की नंबर देणारी. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही ४ च्या टॅबमध्ये डीएनएसचं आपोआप बंद करून तेच ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहा.

स्टेशन, कॅफे, हॉस्टेल अशा ठिकाणी वाय-फाय जोडलं तरी आधी ओटीपी मागणारं पान उघडावं लागतं. गूगल आणि रेलटेलने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला स्टेशनांवरचं मोफत वाय-फाय सुरू केलं, तेव्हापासून आपल्याला हे पान सवयीचं झालंय. लिनक्सवर ते कधीकधी आपोआप येत नाही. ब्राउझरमध्ये सुरक्षित नसलेला, म्हणजे 'एस' नसलेल्या एचटीटीपीने सुरू होणारा कुठलाही पत्ता टाकला की ते पुढ्यात येतं.

नेट लागलं. आता डेटा सांभाळा

नवं लिनक्स पहिल्यांदा ऑनलाइन गेलं की अपडेटची भली मोठी यादी दाखवतं. कधी काहीशे एमबी, कधी जीबीच्या वर. रोजच्या दीड-दोन जीबीच्या प्रीपेड पॅकवर टेदरिंग करत असाल तर ते त्या दिवशी नको. उबुंटूमध्ये त्या कनेक्शनवर 'मीटर्ड' अशी खूण करता येते, मग मागच्या मागे होणारी उतरवाउतरवी कमी होते. मिंट आपण सांगितल्याशिवाय सहसा अपडेट बसवत नाही. अपडेट करायच्याच आहेत, पण जिथे भरपूर नेट आहे तिथे बसून.

आणि अजून घेतलाच नसेल तर

विकत घ्यायच्या आधी लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह सोबत न्या. तो लावून लॅपटॉप सुरू केला की काहीही न बसवता लिनक्स चालू होतं. उबुंटूमध्ये त्यासाठी 'ट्राय उबुंटू' निवडायचं. तिथल्या तिथे आपल्या फोनचा हॉटस्पॉट जोडून बघा. जोडला गेला तर पैसे द्या. नाही जोडला तर चिपचं नाव टिपून घ्या आणि किंमत पाडून मागा.

कार्ड चालतच नसेल तर नखाएवढा यूएसबी वाय-फाय डोंगल लावता येतो. पण 'लिनक्सला चालतो' एवढ्या शब्दावर जाऊ नका, आतली चिप विचारा. मीडियाटेकच्या बऱ्याच चिप कर्नलमधल्याच ड्रायव्हरवर चालतात. रिअलटेकच्या अनेक डोंगल-चिपना हा आधार उशिरा मिळाला. काही डोंगल तर लावल्यावर स्वतःला सीडी म्हणून दाखवतात आणि त्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर असतो.

मार्केटमधल्या कोणी गाळ्यासाठी असा लॅपटॉप घ्यायचा विचार करत असेल तर एक धोक्याची सूचना. ब्राउझरमध्ये चालणारं सगळं, म्हणजे जीएसटीचं पोर्टल, ई-वे बिल, ई-नाम, बँक, लिनक्सवर चालतं. टॅली मात्र विंडोजसाठी बनलेलं आहे, ते लिनक्सवर थेट चालत नाही. हे ऐकल्यावर शेठनी आपल्यासाठी असा लॅपटॉप घ्यायचा बेत तिथेच सोडला, आणि मेहताजी पहिल्यांदा वहीतून डोकं वर काढून हसले.

त्या मुलीच्या लॅपटॉपवर निळी स्क्रीन नीट पार पडल्यावर वाय-फायची खूण आली. तिने सगळ्यात आधी कॅपच्या पहिल्या फेरीची तारीख उघडली.